ऊब, गारवा आणि शंभर वर्षांचं घर

न्यू यॉर्कहून हडसन ओलांडून पश्चिमेला जाणाऱ्या लोकल गाड्यांच्या मार्गांवर ग्लेन रिज, मॉन्टक्लेअर, साउथ ऑरेंज, मेपलवुड, समिट ही न्यू जर्सीतली गावं लागतात. रेल्वेमुळे वाढलेली ही उपनगरं. नोकरी शहरात आणि राहणं झाडाझुडपांत, ही अमेरिकेतल्या खात्यापित्या वर्गाची हौस इथे फार लवकर पुरी झाली. वेस्ट ऑरेंजमधली ल्युएलिन पार्क ही आखीव वसाहत तर १८५० च्या दशकातली. पुढे १८९० ते १९३० या काळात या गावांमध्ये जी मोठी घरं उभी राहिली त्यांतली बरीचशी आजही नांदती आहेत. खाली दगडी भिंतींचं बेसमेंट, त्यावर दोन प्रशस्त मजले, सर्वांत वर उतरत्या छपराखालच्या खोल्या, पुढे रुंद व्हरांडा. सगळं मिळून तीन-चार हजार चौरस फूट. न्यू जर्सीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही अशी घरं घेतात. सागवानासारखं जड ओक लाकूड, उंच छत, रंगीत काचांची जिन्यातली खिडकी यांवर जीव जडतो आणि व्यवहार होतो.

पहिल्या हिवाळ्यात मात्र घर आपलं दुसरं रूप दाखवतं. दिवाणखान्यात स्वेटर काढावा लागतो आणि कोपऱ्यातल्या बेडरूममध्ये दोन रजया पुरत नाहीत. रात्री भिंतीतून कोणीतरी हातोडा मारल्यासारखे आवाज येतात. जुलैत तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवावासा वाटत नाही. मग बिल हातात पडतं आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, यंत्र जुनं झालंय, मोठं नवीन बसवून टाकू.

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते नेमकं याच वाक्याच्या विरोधात आहे. मोठ्या, जुन्या घरात ऊब आणि गारवा यंत्र एकटं देत नाही. भिंती, खिडक्या, माळा, जिना, भिंतीच्या पोटातल्या पोकळ्या हे सगळं मिळून ती व्यवस्था होते, आणि बेसमेंटमधलं यंत्र हा तिचा फक्त एक भाग असतो. घर न मोजता घेतलेलं यंत्र बहुतेक वेळा चुकीच्या आकाराचं निघतं, आणि ते जवळजवळ नेहमी गरजेपेक्षा मोठं असतं.

हे असं का होतं, त्याचं मूळ त्या घरांच्या जन्मकाळात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कोंदट हवेची फार धास्ती होती. माणसांनी श्वासातून सोडलेली हवाच रोगाचं कारण, अशी समजूत होती. कॅथरिन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो या बहिणींनी १८६९ साली गृहव्यवस्थेवर जे पुस्तक लिहिलं, त्यातही घरात खेळत्या हवेचा मोठा आग्रह आहे. मग १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली. खिडक्या उघड्या ठेवा, अगदी थंडीतही, हा सल्ला सगळीकडे दिला गेला. वाफेच्या हीटिंगचा इतिहास आयुष्यभर खणून काढणारे लाँग आयलंडचे लेखक डॅन होलोहन यांनी हा धागा पुढे नेऊन दाखवला आहे: त्या काळातले बॉयलर आणि रेडिएटर वर्षातल्या सर्वांत थंड दिवशी, खिडक्या उघड्या असतानाही घर उबदार राहावं अशा हिशोबाने बसवले जात. कोळसा स्वस्त होता. अतिरेक परवडत होता.

पुढच्या शंभर वर्षांत खिडक्या मिटल्या, त्यांच्यावर दुसरी काच चढली, माळ्यावर थोडंफार इन्सुलेशन पडलं. घराची गरज निम्म्यावर आली, पण रेडिएटर तेच राहिले. बॉयलर दर पंचवीस-तीस वर्षांनी बदलला गेला तेव्हा मेकॅनिकने जुन्यावरचा आकडा वाचून तेवढाच नवा आणला, किंवा हात राखून थोडा मोठा. मॉन्टक्लेअरमधल्या एखाद्या घरात जानेवारीत खिडकी उघडून झोपणारं माणूस आढळलं तर त्याला ती खोड नसते. यंत्र त्याच्याकडून ते करवून घेतं.

आता जरा बेसमेंटमध्ये उतरू, कारण एका पाइपावर चालणारी वाफेची यंत्रणा ही जवळून पाहण्याजोगी गोष्ट आहे. तिच्यात पंप नाही, पंखा नाही. बॉयलरमध्ये पाणी उकळतं, वाफ आपोआप वर चढते, रेडिएटरमध्ये जाऊन तिचं पाणी होतं आणि ते पाणी त्याच पाइपातून उतारावरून खाली परत येतं. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एक किलो गरम पाणी दहा अंशांनी थंड झालं तर मिळतात जेमतेम ४२. एवढ्या तफावतीमुळेच पेलाभर पाण्याची वाफ मोठी खोली तापवू शकते. वातावरणाच्या दाबाला वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापते, त्यामुळे तिला ढकलायला फारसा दाबही लागत नाही. वातावरणाच्या दाबाच्या दहाव्या हिश्शाएवढा जास्तीचा दाब घराला पुष्कळ होतो. घर तापत नाही म्हणून बॉयलरचा दाब वाढवणारे लोक आहेत. त्याने ऊब वाढत नाही, इंधन मात्र वाढतं.

बॉयलर सुरू झाला की बाजूच्या उभ्या काचनळीत पाण्याची पातळी हलकेच डुलू लागते. पाच-दहा मिनिटांनी जाड पाइप टिकटिकतात. ते लोखंड प्रसरण पावत असतं. वरच्या खोलीतला रेडिएटर अजून गार असतो, कारण त्याच्या पोटात हवा भरलेली असते. वाफ त्या हवेला पुढे रेटते आणि रेडिएटरच्या टोकाला बसवलेल्या अंगठ्याएवढ्या निकेलच्या व्हेंटमधून ती सीं-सीं करत बाहेर पडते. हात ठेवून पाहिलं तर व्हॉल्व्हकडची पहिली फाक तापलेली असते, मग दुसरी, मग तिसरी. ऊब अशी एकेक फाक पुढे सरकत जाते. वाफ व्हेंटपर्यंत पोचली की आतला भाग तापून छिद्र बंद होतं आणि आवाज थांबतो. सगळी कला या व्हेंटच्या निवडीत आहे. बॉयलरपासून लांबच्या खोलीला हवा लवकर सोडणारा व्हेंट आणि जवळच्या खोलीला सावकाश सोडणारा, एवढी साधी अदलाबदल केली तर ज्या घरात एक खोली भाजते आणि दुसरी गोठते ते घर बऱ्याच अंशी ताळ्यावर येतं. त्याला काही डॉलर लागतात. बॉयलर बदलायला काही हजार.

रात्रीचे हातोड्याचे आवाजही बहुधा असेच स्वस्तात जातात. पाइपात किंवा रेडिएटरमध्ये परतीचं पाणी कुठेतरी साचलेलं असतं, वेगाने येणारी वाफ ते उचलून पुढच्या वळणावर आपटते. शंभर वर्षांत जमीन दबते, रेडिएटर उलट्या बाजूला कलतो. व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाच्या पायांखाली लाकडाची पातळ पट्टी सरकवून उतार व्हॉल्व्हकडे करून घेतला की पाणी वाहून जातं. आणि एका पाइपाच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असावा, अर्धवट नको. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमध्ये वर येणारी वाफ आणि खाली जाणारं पाणी एकमेकांच्या वाटेत येतात आणि व्हेंटमधून पाण्याच्या चिळकांड्या उडतात. रेडिएटरवर चंदेरी किंवा सोनेरी धातूचा रंग मारला असेल तर तो उष्णता कमी फेकतो. साधा कोणताही रंग चालतो, काळाच हवा असं नाही.

या लोखंडी रेडिएटरांचा एके काळी केवढा दरारा होता हे पाहायचं असेल तर मॅनहॅटनमध्ये ब्रायंट पार्कसमोर उभं राहावं. १९२४ साली रेमंड हूड या वास्तुविशारदाने अमेरिकन रेडिएटर कंपनीसाठी बांधलेला काळ्या विटांचा, सोनेरी माथ्याचा मनोरा तिथे आहे.

सगळ्याच जुन्या घरांत वाफ नसते. काहींत गरम पाण्याचे रेडिएटर असतात, आणि सुरुवातीच्या काळात तेही पंपाविना चालत. गरम पाणी हलकं म्हणून वर, गार जड म्हणून खाली. म्हणूनच त्यांचे पाइप मनगटाएवढे जाड. अशा घरात दोन पाइप, आणि कुठे कुठे माळ्यावर पाण्याची टाकीही दिसते. गरम पाण्याची यंत्रणा मालकाला जास्त मोकळीक देते, ते पुढे येईलच. वाफेच्या रेडिएटरमध्ये पाणी खेळवून दोन्हींचं एक करू, असा सल्ला मात्र सहजी मानू नये. वाफेचे काही जुने रेडिएटर फक्त तळाशी जोडलेले असतात, वरून पाणी फिरायला वाटच नसते. शिवाय दहाव्या हिश्शाच्या दाबावर शंभर वर्षं काढलेल्या सांध्यांवर एकदम दहापट दाब येतो.

तिसरा प्रकार गरम हवेचा. बेसमेंटच्या मधोमध भलीमोठी भट्टी आणि तिच्यातून चारी दिशांना निघालेले जाड पत्र्याचे हात. अमेरिकेत तिला ऑक्टोपसच म्हणत. पंखा नाही, गरम हवा स्वतःच्या हलकेपणाने वर जायची. ती भट्टी बहुतेक ठिकाणी केव्हाच गेली आणि पंख्याची फर्नेस आली, पण भिंतीतल्या वाटा उरल्या. त्या वाटा वर जाणाऱ्या हवेसाठी होत्या. हवा परत आणणारी तोंडं कमी, कधी संबंध घराला जिन्याखालची एकच जाळी. बेडरूमचं दार लावलं की आत आलेल्या हवेला परतीचा रस्ता राहत नाही आणि खोली गार पडते. यावर नव्या फर्नेसचा काही इलाज नसतो. दाराच्या वर किंवा भिंतीत परतीची जाळी काढून द्यावी लागते.

बेसमेंटमध्ये असतानाच आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पाइपांवर पांढरट, पुठ्ठ्यासारखं जाड आवरण असेल तर ते ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. त्याला हात लावू नये, खरवडू नये, परवानाधारक माणसाला दाखवावं. दुसरी गोष्ट घराबाहेर आहे. कोळशानंतर न्यू जर्सीतल्या पुष्कळ घरांनी तेल जाळलं आणि त्याच्या लोखंडी टाक्या अंगणात पुरल्या. पुढे गॅस आला, टाकी जमिनीतच राहिली, गंजली. तेल मातीत मुरलेलं निघालं तर सफाईचा खर्च नव्या हीटिंग यंत्रणेच्या कितीतरी पट होऊ शकतो. घर घेण्याआधी अंगण यंत्राने तपासून घेण्याची तिथे रूढ पद्धत आहे. ती तपासणी कधीही टाळू नये.

आता घराकडे वळू. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट सोकोलो यांच्या गटाने १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्याच ट्विन रिव्हर्स या वसाहतीत एक अभ्यास हाती घेतला. घरं तेव्हा नवी होती, माळ्यावर इन्सुलेशन होतं, तरी कागदावरच्या हिशोबापेक्षा उष्णता बरीच जास्त जात होती. जॅन बेया, गौतम दत्त आणि त्यांचे सहकारी माळ्यावर चढून शोधू लागले तेव्हा वाटा सापडल्या: चिमणीभोवतीची फट, नळांच्या पाइपांभोवतीची भोकं, दोन घरांमधल्या भिंतीची वरून उघडी पोकळी. इन्सुलेशन जागेवर होतं आणि गरम हवा त्याला वळसा घालून निघून जात होती. घराची ऊर्जा-तपासणी म्हणून आज जे काम चालतं त्याची बरीच मुळं या माळ्यांवर आहेत.

शंभर वर्षांच्या घरात हीच गोष्ट आणखी ठळक असते. त्या काळच्या लाकडी बांधणीत उभे वासे पायापासून छपरापर्यंत अखंड जात, आणि दोन वाशांमधली पोकळी बेसमेंटपासून माळ्यापर्यंत मोकळी राही. हिवाळ्यात घरातली गरम हवा या पोकळ्यांतून वर जाते, माळ्यातून बाहेर पडते आणि तिच्या जागी बेसमेंटच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. पायाला गारठा लागतो तो इथून. आपण मात्र खिडकीला दोष देतो.

हे तपासायला घराच्या दारात मोठा पंखा बसवतात, घरातली हवा बाहेर खेचून आत-बाहेर ५० पास्कलचा फरक निर्माण करतात आणि किती हवा आत शिरते ते मोजतात. पंखा सुरू असताना उदबत्ती घेऊन घरभर फिरावं. विजेच्या स्विचच्या पाटीजवळ, जिन्याखालच्या कपाटात, माळ्याच्या झडपेपाशी धूर आडवा होतो आणि घर स्वतःच्या फटी दाखवतं. माळ्यावर जुन्या काचतंतूंच्या गादीचा एखादा तुकडा उचलून पाहिला तर खालची बाजू काही ठिकाणी काळी पडलेली दिसते. वर्षानुवर्षं तिथून हवा गेली आणि धूळ गादीत गाळली गेली. त्या काळ्या डागाखाली फट असते. ती आधी बंद करायची आणि मग वर जाड इन्सुलेशन घालायचं. क्रम उलटा झाला तर पैसे वाया. चिमणीभोवती मात्र पत्रा आणि आगीत न जळणारं सीलंटच हवं, फोम चालत नाही.

आकड्यांत बोलायचं तर असं. न्यू जर्सीच्या या भागात हीटिंगचा हिशोब बाहेर उणे १० अंश सेल्सिअस धरून करतात. आत २१. म्हणजे ३१ अंशांचा फरक. एका काचेच्या खिडकीच्या दर चौरस मीटरमधून तेव्हा सुमारे १७५ वॅट उष्णता जाते. बाहेरून दुसरी काच, म्हणजे तिथे ज्याला स्टॉर्म विंडो म्हणतात ती, बसवली की जवळजवळ निम्मी. प्लास्टरच्या पोकळ भिंतीतून जातात ४५ वॅट, आणि त्याच पोकळीत कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन भरलं की १५ च्या आसपास. खिडकी वाईट दिसते, पण घरात भिंती आणि छत यांचं क्षेत्रफळ तिच्या अनेकपट असतं. म्हणून जुन्या लाकडी खिडक्या उपटून नव्या प्लॅस्टिकच्या बसवण्याची घाई मला पटत नाही. त्या खिडक्यांचं लाकूड आज मिळत नाही, त्या दुरुस्त होतात, आणि तेवढ्या पैशांत माळा, भिंती आणि स्टॉर्म विंडो असं सगळं होऊन काही शिल्लक राहतं. भिंती भरण्याआधी एक खबरदारी: १९३० च्या आसपासपर्यंतच्या घरांत पोर्सिलेनच्या खुंट्यांवरून ओढलेल्या विजेच्या तारा असू शकतात. त्यांची उष्णता मोकळ्या हवेत जावी अशी ती रचना आहे. त्यांच्याभोवती इन्सुलेशन दाबून भरणं धोक्याचं. आधी इलेक्ट्रिशियन, मग भराव.

फटी बुजवल्या की आणखी एक जबाबदारी येते. चिमणीतून धूर सोडणाऱ्या बॉयलरला जळायला हवा लागते. घर घट्ट झालं आणि स्वयंपाकघरातला जोरदार एक्झॉस्ट सुरू असला की चिमणीतला धूर उलटा घरात येऊ शकतो. काम झाल्यावर धूर नीट वर जातो ना हे तपासून घ्यावं, आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावाच असावा.

गारव्याची कहाणी वेगळी, कारण ही घरं बांधली तेव्हा एसी नव्हताच. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली ती माणसांसाठी नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगांचे थर एकमेकांवर नीट बसायचे नाहीत, म्हणून होती. त्याची कंपनी काही वर्षं नेवार्कमध्ये, म्हणजे या उपनगरांच्या अगदी दारात होती. घरांनी मात्र स्वतःचे उपाय केले होते. रुंद व्हरांड्याने पहिल्या मजल्याला सावली दिली. वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांचा वरचा पल्ला खाली आणि खालचा वर केला की गरम हवा वरून जाते, गार हवा खालून येते. दारांवरच्या झडपा, दुसऱ्या मजल्यावरची जाळीची झोपायची पडवी, मधला उंच जिना ही सगळी हवेची सोय होती. मे-जूनच्या कोरड्या रात्री ती आजही पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये, हवेत मुंबईसारखा ओलावा भरला की ती हरते.

तेव्हा एसी लागतो, आणि इथे आकाराची चूक हीटिंगपेक्षाही जास्त बोचते. एसीचा टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितक्या वेगाने उष्णता शोषेल तो वेग, ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. पाचशे चौरस फुटांना एक टन असा ठोकताळा काँट्रॅक्टर लावतात. मोठ्या झाडाच्या सावलीतलं, माळा नीट भरलेलं घर आणि पश्चिमेला उघड्या काचा असलेलं घर यांना हा ठोकताळा एकाच मापाने मोजतो. गरजेपेक्षा मोठा एसी हवा झपाट्याने गार करतो आणि बंद पडतो. कॉइल गार होऊन तिच्यावर पाणी जमून ते नळीतून निघून जायला वेळ लागतो, तोवर यंत्र थांबलेलं असतं. पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. खोलीत २३ अंश आणि अंग तरी चिकचिकीत. लहान एसी सावकाश, बराच वेळ चालतो आणि ओलावा ओढून काढतो.

रेडिएटरच्या घरात डक्ट नसतात, म्हणून पुढचा प्रश्न हवा न्यायची कशी. एक वाट म्हणजे माळ्यावर यंत्र बसवून कपाटांच्या कोपऱ्यांतून डक्ट खाली उतरवणं. स्वस्त, पण उन्हाळ्यात माळा ५० अंशांच्या वर तापतो आणि गार हवेचे डक्ट त्याच भट्टीतून जातात. हे करायचंच असेल तर छपराचा उतार आतून इन्सुलेट करून माळा घराच्या आत घ्यावा. दुसरी वाट पाच सेंटिमीटर व्यासाच्या लवचिक नळ्यांची. जोराने हवा फेकणारी ही पद्धत मुळात डक्ट नसलेल्या जुन्या घरांसाठीच रुजली. नळ्या भिंतीच्या पोकळीतून जातात, प्लास्टर आणि लाकडी नक्षी शाबूत राहते, छतात फक्त छोटी गोल तोंडं दिसतात. महाग आहे, पण ज्या घराची आतली कारागिरी टिकवायची आहे तिथे तिला मी पहिली पसंती देईन. तिसरी वाट जपानने घडवलेल्या मिनी-स्प्लिटची, भारतातल्या घरांत दिसतो तोच भिंतीवरचा एसी, फक्त उलटा चालून हिवाळ्यात ऊबही देणारा.

तिसऱ्या मजल्याला मी जवळजवळ नेहमी हाच शेवटचा उपाय सुचवतो. छपराखालच्या त्या खोल्यांचं हवामान वेगळं असतं, आणि पहिल्या मजल्यावरच्या पॅसेजमधल्या थर्मोस्टॅटला त्याचा पत्ता नसतो. त्यांना स्वतंत्र छोटं यंत्र दिलं की बाकीच्या घराला उगीच जास्त थंड किंवा जास्त गरम करावं लागत नाही. घराच्या भागांना वेगवेगळी ऊब देण्याची ही कल्पना याच परिसरातली आहे. मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीने डिसेंबर १९१९ मध्ये गॅसवर चालणाऱ्या फर्नेसचं पेटंट मिळवलं. तिच्या आराखड्यात अनेक बर्नर होते, प्रत्येकाचं नियंत्रण निराळं आणि प्रत्येकाची हवा घराच्या निराळ्या भागाकडे नेणारे डक्ट. तिचं यंत्र त्या रूपात बाजारात आलं नाही. पण घराघरांत कोळशाची भट्टी पेटत होती तेव्हा एका बाईने खोल्यांच्या गरजा वेगळ्या असतात हे ओळखून त्याचा आराखडा मांडला, याची नोंद हीटिंगच्या प्रत्येक पुस्तकात असायला हवी.

राहिला हीट पंप, म्हणजे उलटा चालून बाहेरची उष्णता घरात आणणारा एसीच. आजचे थंड प्रदेशांसाठी बनवलेले हीट पंप उणे २० अंशांच्याही खाली चालतात, आणि सौम्य थंडीत एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता आत आणतात. कडाक्यात हे प्रमाण दोनवर किंवा त्याखाली येतं. तेल जाळणाऱ्या घराने तो गंभीरपणे पाहावा. गॅसचं घर असेल तर स्थानिक वीजदर मांडून हिशोब करावा, उत्साहात उडी घेऊ नये. गरम पाण्याचे जुने रेडिएटर असतील तर इथे त्यांचा अवाढव्य आकार कामी येतो. ८० अंशांच्या पाण्यासाठी बसवलेला रेडिएटर ५० अंशांच्या पाण्यावर मूळच्या सुमारे ४० टक्के उष्णता देतो. उघड्या खिडक्यांच्या हिशोबाने बसवलेल्या रेडिएटरला, नीट इन्सुलेट केलेल्या घरात, बऱ्याचदा तेवढंच पुरतं. आणि ५० अंशांचं पाणी हीट पंप आरामात देतो. वाफेला ही सोय नाही. वाफेचा बॉयलर घराच्या गरजेवर नव्हे तर जोडलेल्या रेडिएटरांवर मापायचा असतो, कारण सगळे रेडिएटर भरण्याइतकी वाफ झालीच पाहिजे. माळा कितीही भरला तरी रेडिएटर तेवढेच राहिले तर बॉयलरही तेवढाच लागतो. फक्त तो कमी वेळ चालतो.

बॉयलर बंद पडतो तो जानेवारीत. बाहेर उणे दहा, घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं. अशा वेळी जो माणूस दुसऱ्या दिवशी यायला तयार असेल तो जुन्या यंत्रावरची पाटी वाचून त्याच मापाचं नवीन घेऊन येतो, आणि ते पुढची पंचवीस वर्षं बेसमेंटमध्ये राहतं. म्हणून यंत्र पंधरा-वीस वर्षांचं झालं की सप्टेंबरमध्येच, ते चालू असताना, दोन-तीन काँट्रॅक्टरांना बोलवावं. कोणी खोलीखोलीत जाऊन भिंती आणि खिडक्या मोजतो, माळ्यावर चढतो, वाफ असेल तर प्रत्येक रेडिएटरच्या फाका आणि उंची लिहून घेतो, हे पाहावं. त्या मोजणीचा कागद हातात मागावा. जो बेसमेंटमधूनच दर सांगून जातो त्याचा दर कमी असला तरी त्याला काम देऊ नये. आणि ज्याने मोजलं, त्याला आधी माळ्याचं काम झाल्यावर मोजणी पुन्हा करून द्याल का, हेही विचारून घ्यावं, कारण गरम पाण्याच्या किंवा हवेच्या घरात त्या दुसऱ्या कागदावरचा आकडा बऱ्याचदा एक माप लहान यंत्राचा निघतो.